बाहेर २.१५, आत ७.१०

करंजाडे
रविवार, १० ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

हे पाकीट तू आधी उलटंसुलटं करून बघशील आणि म्हणशील, पोरगी वेडी झाली. झालेली नाही. फोनवर आपण काय बोलतो ते आठव. "जेवलीस?" "हो. तू?" "हो." "आई बरी?" "बरी." मग दोघी मिळून नेटवर्कला नावं ठेवतो. शिवाय आपलं घर केवढं! मी बाथरूममध्ये कुजबुजले तरी बाहेर पप्पांच्या पेपराची सळसळ थांबते. म्हणून पत्र. उत्तर दुसऱ्या मजल्यावरच्या नूरीनच्या पत्त्यावर पाठव. पप्पांच्या हातात पडायला नको.

आता मुद्दा. बकूची स्कूटर रोज बाहेर जाते.

हसू नकोस. आपली बकू जाऊन अकरा महिने होतील आणि तिची स्कूटर पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी आहे. किल्ली पप्पांच्या कपाटात. पण गेटवर दुचाकींची वही असते ना? दोन बाइक चोरीला गेल्या तेव्हा सेक्रेटरी दिनानाथकाकांनी सुरू केलेली. गाडी नंबर, बाहेर किती वाजता, आत किती वाजता. आज मी कुरियरसाठी गेटवर थांबले होते, समोर वही उघडी होती. त्यात ४६१८. बकूचा नंबर! सोमवार ते शुक्रवार सकाळी ७.४० ला बाहेर, ४.३० ला आत. आणि काल शनिवारी २.१५ ला बाहेर, ७.१० ला आत. पाच तास, ताई!

वॉचमन कृष्णातदादांना विचारलं तर म्हणाले, "आसंल ताई. लई गाड्या येत्यात."

कोण नेतं ती स्कूटर? मला हे कळायलाच हवं. आईला सांगितलं तर ती रडेल, पप्पांना सांगितलं तर ते गप्प बसतील. तू निदान चिडवशील तरी.

तुझी,
जाई


माझगाव
गुरुवार, १४ ऑगस्ट

प्रिय जायफळ,

अभिनंदन. अकरावीत सायन्स घेऊन तू भुतांवर संशोधन चालू केलंस, तेही वेळ पाळणाऱ्या भुतांवर. आपली बकू जिवंतपणी कधी शांतपणे ७.४० ला निघाली नाही. साडेसातला तिचा एक मोजा हरवायचा आणि सात अडतीसला तो तुझ्या पायात सापडायचा.

माझा संशय सरळ आहे. पप्पा. किल्ली त्यांच्याकडे आहे आणि ते बोलत नाहीत. माझ्याशी तर दीड वर्ष बोललेले नाहीत. केमिकल कंपनीतली लॅबची नोकरी सोडून मी बेकरीत लागले तेव्हा म्हणाले होते, "पाव भाजायला शिकवलं का तुला?" त्यानंतर बकूच्या तेराव्याला फक्त "पाणी हवंय का" एवढंच. असा माणूस मुलीची स्कूटर घेऊन गुपचूप फिरत असेल, तर मला नवल वाटणार नाही.

तपास असा कर. मागच्या टायरवर आणि खालच्या फरशीवर मिळून खडूची एक सरळ रेघ मार. गाडी हलली की रेघ तुटेल. आणि शनिवारी दुपारी समोर बसून राहा. पुस्तक घेऊन बस, म्हणजे पुण्यही लागेल.

सोबत डब्यात नानकटाई आहे, माझ्या हातची. सगळी एकटीने खाऊ नकोस. पत्ता लिहिलाय नूरीनचा, निम्मी तिची.

ताई


करंजाडे
रविवार, २४ ऑगस्ट

प्रिय ताई,

आधी तुझ्या पराक्रमाबद्दल. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव तू नुसतं "अ. माझगाव" लिहिलंस. नूरीनची अम्मी, नूरजहाँ आंटी, पाकीट देताना माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होत्या. "पोराचा अक्षर बरा हाय गो," म्हणाल्या. "पन बेकरीवाल्याचा काय पगार असतो?" डब्याच्या वासावरून त्यांनी तुझा धंदासुद्धा ओळखला. मी डबा घेऊन पळाले. तू आता माझा बॉयफ्रेंड आहेस.

आता तपास. खडूची रेघ मारली. आठ दिवस झाले, रेघ जशीच्या तशी. काल शनिवारी मी आणि नूरीन दोन ते साडेसात पार्किंगमध्ये बसलो. स्कूटर जागची हलली नाही. पुढच्या टायरमध्ये हवाच नाही, ती हलणार कशी? साडेसातला जाऊन वही बघितली. ४६१८. बाहेर २.१५, आत ७.१०!

नूरीन कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला लागली.

मग त्याच पानावर मला विपुलदादाची बुलेट दिसली. आत ७.४५. आणि वाजले होते साडेसात! शिवाय विपुलदादा मे महिन्यातच बुलेटसकट पुण्याला गेला. तेव्हा एक तर सोसायटीतल्या सगळ्या गाड्या भुतं चालवतात, किंवा वहीच खोटी आहे. मी कृष्णातदादांसमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "मागच्या वर्षीची वही कुठंय?"

त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. टेबलाच्या खणात होती. उघडलेली.

ते मागच्या वर्षीची वही उतरवून काढतात, ताई! जूनमध्ये सोसायटीने दुसरा वॉचमन काढला. तेव्हापासून गेट, पाण्याची मोटर, कुरियर, सगळं एकट्याकडे. वही भरायला वेळ नाही आणि दिनानाथकाका दर रविवारी पानं भरलीत का तेवढंच बघून सही करतात. "मानसं ठरल्या वक्तालाच जात्यात, ताई," कृष्णातदादा म्हणाले. "सोमवारचा सोमवार बघून लिवतो. कुनाचं काय बिघडलं?" दुपारी निवांत असले की रात्रीपर्यंतचं पान भरून मोकळे.

मी विचारलं, "बकूचा नंबर ओळखला नाहीत?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "वळखला. पयल्या दिशी गाळला. मग पानात तेवढीच जागा मोकळी दिसाया लागली. बरं न्हाई वाटलं. मग लिवला."

मी त्यांचं नाव कोणाला सांगणार नाही. बदल्यात मला जुनी वही वाचायला मिळते.

भूत सुटलं, पण खरी गंमत पुढे आहे. जुनी वही खरी आहे. म्हणजे बकू खरंच महिन्यातून दोनदा शनिवारी २.१५ ला जायची आणि ७.१० च्या सुमारास यायची. घरी सांगायची, कॉलेजात प्रॅक्टिकल आहे. शनिवारी संध्याकाळी पाचनंतर कसलं प्रॅक्टिकल? कुठे जायची ती? तुला काही माहीत आहे?

जाई


माझगाव
शनिवार, ३० ऑगस्ट

जाई,

गणपतीत बेकरीत श्वास घ्यायला वेळ नाही, म्हणून चार ओळी. तपास छान केलास. कृष्णातदादांना माझा नमस्कार सांग. आता ती वही परत कर आणि अभ्यासाला लाग. बकू जात असेल एखाद्या मैत्रिणीकडे. तिच्या वस्तू उकरून काय मिळणार? यंदा घरी गणपती नाही, आईला एकटं वाटत असेल. तिच्याजवळ बस.

ताई


करंजाडे
गुरुवार, ४ सप्टेंबर

आदरणीय अबोलीताई,

आदरणीय अशासाठी की जवळच्या माणसांशी असं खोटं बोलवत नाही.

तुझ्या पत्रात तीन गोष्टी नाहीत. एक, "जायफळ" नाही. दोन, एकही टोमणा नाही. तीन, "कुठे जायची?" हा प्रश्न नाही. बकू पाच-पाच तास गायब व्हायची हे ऐकून जी बहीण "कुठे" असं विचारत नाही, तिला उत्तर माहीत असतं.

आणि तू नानकटाई पाठवायला नको होतीस.

डबा उघडला तेव्हा मला काही सुचलं नाही, मी फक्त खाल्ली. तुझं पत्र आलं त्या दिवशी शेवटची एक उरली होती, ती नीट बघितली. मधोमध तीन चारोळ्या, दाबून बसवलेल्या. मागच्या वर्षी बकू शनिवारी संध्याकाळी माझ्यासाठी पुडीतून नानकटाई आणायची. म्हणायची पनवेलची आहे. त्यावरही मधोमध तीन चारोळ्या. मी म्हणायचे, पनवेलचा बेकरीवाला दिलदार आहे. ती खोकायची. आता कळलं, तो खोकला नव्हता.

तुम्ही दोघी भेटत होतात. मे ते सप्टेंबर. आणि मला सांगितलं नाहीत. लहानपणीही तुमचं असंच होतं. गच्चीवर तुम्ही दोघी आणि मी जिन्यात राखण करायला. पप्पा आले तर खोकायचं, एवढंच माझं काम.

आता बकू नाही. तरी तू तिच्याबरोबर गच्चीवरच बसलीयेस आणि मी जिन्यात. ताई, मला वर येऊ दे.

जाई


माझगाव
मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय जायफळ,

ये वर.

मोऱ्याला, बंदरावर भेटायचो आम्ही. मी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने यायचे, ती स्कूटरवरून. धक्क्याजवळ मुक्ताबाईंची टपरी आहे, तिथे तळलेले बोंबील खायचो आणि सगळ्यात जास्त तुझ्याबद्दल बोलायचो. तुला का सांगितलं नाही? कारण आठवीत असताना पप्पांच्या वाढदिवसाचं सरप्राइज तू पप्पांनाच विचारून ठरवलं होतंस. तुझ्या पोटात तीळ भिजत नाही, हे आमचं दोघींचं एकमताने ठरलेलं मत होतं. बकू मात्र दर वेळी म्हणायची, "दहावी झाली की जाईला आणू." आणि तीन चारोळ्या कशाला असतात गं? दोन बहिणींसाठी?

आता जे लपवलं ते. हळू वाच.

शेवटच्या शनिवारी, २१ सप्टेंबरला, ती आली ती तापातच. हेल्मेट काढताना तिचा हात माझ्या हाताला लागला, चटका बसावा तसा. मी तिला पाणी पाजलं, ओरडले आणि अर्ध्या तासात परत पाठवलं. तापलेल्या पोरीला पस्तीस किलोमीटर एकटीला स्कूटरवर, जाई. मी तिच्याबरोबर निघाले नाही, कारण पप्पा सुट्टीवर घरी होते आणि मला त्यांच्यासमोर जायचं नव्हतं. एवढंच केलं की तिच्याकडून शब्द घेतला, उद्या सकाळी उठून आधी डॉक्टर. तिने शब्द दिला, नेहमीसारखा दुसरीकडे बघत. बकूचे शब्द तुला माहीत आहेत. तिने तुझी सायकल परत करायचा शब्द चार वर्षं दिला होता.

त्या संध्याकाळी आईला फोन लावायला घेतला होता. मग वाटलं, ती विचारेल, तुला कसं कळलं? फोन ठेवला. बुधवारी आईचाच आला, बकूला ॲडमिट केलंय. शुक्रवारी ती गेली.

ती डॉक्टरकडे कधी गेली हे मी आजपर्यंत कोणालाही विचारलेलं नाही. "बुधवारी" असं उत्तर आलं तर काय करायचं, हे मला माहीत नाही. त्या चार दिवसांत एक फोन केला असता तर? म्हणून मी घरी येत नाही. पप्पांचा राग हे मला सोयीचं कारण मिळालं.

आता तुला गच्चीवरची हवा कशी असते ते कळलं. जिना बरा होता, नाही?

ताई


करंजाडे
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मी नूरीनच्या घरी वाचलं. नूरजहाँ आंटींनी मला रडताना बघितलं आणि म्हणाल्या, "सोडलान का तुला? बरा झाला. चा घे." मी चहा घेतला. त्यांना खरं सांगायची आता हिंमत होत नाही.

तिथून सरळ गेटवर गेले. कृष्णातदादांकडून जुनी वही घेतली आणि पान काढलं. लिहून पाठवते, जसंच्या तसं.

शनिवार २१ सप्टेंबर. ४६१८. बाहेर २.१५, आत ५.०५.
रविवार २२ सप्टेंबर. ४६१८. बाहेर ९.२०, आत १०.३५.

त्यानंतर त्या वहीत हा नंबर नाही. शेवटच्या पानापर्यंत नाही.

तो रविवार मला आठवतो. मी उठले तेव्हा टेबलावर इडल्या होत्या आणि बकू परत झोपली होती. मला वाटलं, ती इडल्या आणायला गेली होती. पण इडल्या तर चौकात मिळतात, त्याला सव्वा तास? म्हणून मी ती गोष्ट केली जी या घरात वर्षभर कोणी केली नव्हती. पप्पांसमोर बसले आणि बकूचं नाव घेतलं.

"पप्पा, शेवटच्या रविवारी बकू कुठे गेली होती?"

ते उठले. मला वाटलं, आता गॅलरीत जाणार. पण त्यांनी कपाटातून फाइल काढली. दवाखान्याचा कागद, रक्ताचा रिपोर्ट. दोन्हींवर तारीख २२ सप्टेंबर. प्लेटलेट्स एक लाख ऐंशी हजार, म्हणजे चांगल्या. डॉक्टरांनी गोळ्या देऊन मंगळवारी परत बोलावलं होतं. मंगळवारी पप्पांनीच तिला नेलं. बुधवारी ॲडमिट. सगळं वेळेत झालं होतं, ताई. तरी ती गेली.

आता नीट ऐक. पप्पा म्हणाले, "त्या सकाळी मीच तिला म्हटलं होतं, आज रविवार आहे, थोडाच ताप आहे, उद्या जा. तिने माझं ऐकलं असतं तर एक दिवस वाया गेला असता. वर्षभर तेच डोक्यात आहे. पण ती चप्पल घालत म्हणाली, नाही पप्पा, आजच जायचंय, शब्द दिलाय. मी विचारलं, कोणाला? ती हसली."

मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "अबोलीला ना?"

मी दवाखान्याचा कागद फाइलीत परत ठेवला. ते म्हणाले, "ती तुला पत्रं लिहिते. नूरजहाँबाईंनी मला लिफ्टमध्ये पाकीट दाखवलं. म्हणाल्या, भाऊ, पोरीवर लक्ष ठेवा, मुलगा माझगावचा आहे. अक्षर बघून ओळखलं मी. तिचा कित्ता मी गिरवून घेतलाय."

एक महिना त्यांना माहीत होतं! आणि तुमच्या मते माझ्या पोटात काही राहत नाही. आपल्या घरात एकाच माणसाच्या पोटात सगळं राहतं, आणि त्याचा परिणाम बघतेयस ना.

ताई, बकूने आयुष्यात पाळलेला एकमेव शब्द तुला दिलेला होता. माझी सायकल अजून बाकी आहे.

येत्या शनिवारी, २० तारखेला, कृष्णातदादा वहीत परत लिहिणार, २.१५ आणि ५.०५. मला ते ५.०५ त्या पानावर नकोय. तू मोऱ्याला ये. पप्पांना मी अजून काही बोलले नाही. पण आज दुपारी ते खाली गेले आणि एकटेच टायरमध्ये हवा भरत होते. माझी खडूची रेघ तुटली.

जाई


माझगाव
बुधवार, १७ सप्टेंबर

प्रिय जायफळ,

तुझं पत्र मी मैद्याच्या पोत्यावर बसून वाचलं, तीनदा. मालक विचारत होते, कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही, आलं.

शनिवारी दीडची लाँच पकडते. भरती-ओहोटीने तिचं टाइमटेबल बिघडलं तर थांबा म्हणावं. ज्याला निरोप द्यायचा त्याला दे. मी काही नाव घेत नाही. घेतलं तर पुढचं लिहिता येणार नाही.

आणि त्याला हेही सांग की हेल्मेट दोन आणायची.

ताई


करंजाडे
रविवार, २१ सप्टेंबर

प्रिय ताई,

तू पहाटे निघालीस आणि आई तेव्हापासून तुझ्या उशीचा अभ्रा धुवायचा की नाही यावर विचार करतेय. शेवटी तिने तसाच ठेवला. तू पुढच्या शनिवारी येणारच आहेस, असं तिने स्वतःशीच ठरवून टाकलंय. आता तू शब्द दिला नाहीस तरी चालेल.

काल तुम्ही दोघं येईपर्यंत मी गेटवर काय अवस्थेत होते ते तुला सांगितलंच नाही. पाच वाजून पाच मिनिटं झाली आणि माझी नजर हटेना. सहा वाजले. सात वाजले. मग कोपऱ्यावर पप्पा दिसले, पंचवीसच्या स्पीडने, आणि मागे तू, नानकटाईचा डबा मांडीवर धरून. पप्पा एवढ्या वेळात काय बोलले असं मी रात्री विचारलं, तर तू म्हणालीस, "वाटेत जासईला म्हणाले, घट्ट धर. नंतर म्हणाले, बोंबील बरे होते." म्हणजे मुक्ताबाईंच्या टपरीवर तेही बसले! पुढच्या वेळी मी येणार आहे. स्कूटरवर तिघं बसत नाहीत हे कारण चालणार नाही, मी एसटीने येईन.

नूरजहाँ आंटींना नूरीनने आज सगळं खरं सांगितलं. त्या पाच मिनिटं हसल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "म्हंजी पोरीला स्थळ नाहीच?" खऱ्याखुऱ्या नाराज झाल्या.

आता शेवटची बातमी, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. आज रविवार, दिनानाथकाका वही तपासायला आले. मी मुद्दाम तिथेच घुटमळत होते. कृष्णातदादांनी कालचं पान सवयीने दुपारीच भरून ठेवलं होतं. मी त्यांना आधी सांगायचं विसरले होते. तर काकांचं बोट बरोबर त्या ओळीवर थांबलं. ४६१८. बाहेर २.१५. आत ५.०५, त्यावर आडवी रेघ, आणि शेजारी नवीन शाईने ७.१०.

"ही खाडाखोड कसली?" काका कडाडले. "वर्षभर वही कशी स्वच्छ होती!"

कृष्णातदादांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"गाडीला यायला उशीर झाला, साहेब," ते म्हणाले.

काकांनी सही केली.

तुझी,
जायफळ